यंत्राला ‘येतं का?’ विचारणारी सूनबाई

…तर सूनबाईने त्या यंत्राला विचारलं, “येतं का?” आणि यंत्र म्हणालं, “येतं.” काल इथवर आलो आणि नेमका माझा डोळा लागला.

जे काल नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्राम लिहायच्या भाषेत दरवर्षी नव्या सोयी येतात. पण तो प्रोग्राम चालवणारा यंत्राच्या पोटातला कारभारी, रनटाइम म्हणतात त्याला, तो जुना असला की त्याला निम्म्या सोयी ठाऊकच नसतात. कुठल्या कारभाऱ्याला काय येतं हे हुडकणं, ही आमच्या सूनबाईची नोकरी. ऑफिसात तिला ‘परीक्षाबाई’ म्हणतात. घरीदारी तीच तऱ्हा. दुकानदार म्हणाला छत्री उघडते, तर ही पाच वेळा उघडून बघणार. सहाव्यांदा तोच हात जोडतो, “बाई, घेऊन जा एकदाची!”

त्या दिवशी दवाखान्यातल्या नंबर पुकारणाऱ्या चाळीस यंत्रांवर नवा प्रोग्राम चढवायचा होता. साहेबांना बारापर्यंत हिची सही हवी. सही करून यंत्रं मुकी झाली, तर रुग्ण बाकावर ताटकळणार आणि खापर हिच्या डोक्यावर.

“अहो, आवृत्तीचा आकडा बघा की,” साहेब म्हणाले. “सगळं येतं त्याला.”

“आकडा काय साहेब, मीसुद्धा वय पंचवीस सांगते.”

आणि बसली एकेक सोय विचारत. सगळ्यात शेवटची होती, यादीत मागून शोधायची. “आहे,” यंत्र म्हणालं. दुसऱ्या कुणी तिथेच सही ठोकली असती. हिने दोन, पाच, नऊ असे तीन आकडे दिले आणि म्हणाली, “यातला शेवटचा विषम सांग.”

यंत्र गप्प!

उकलून बघितलं, तर पूर्वी कुणीतरी दुसऱ्या प्रोग्रामची कुरकुर थांबावी म्हणून त्या नावाची नुसती पाटी लावून ठेवलेली. आत घर रिकामं. मला आमची गावची शाळाच आठवली. एकोणतीसच्या पाढ्याला मी मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायचो. गुरुजी खूश! एकट्याला उभं केलं तेव्हा एकोणतीस दुणे घशातच अडकले.

हिने ती उणीव आपल्या हाताने दहा ओळी लिहून भरली, चाळीसही यंत्रांकडून ‘नऊ’ म्हणवून घेतलं आणि बाराला पाच कमी असताना सही केली. साहेबांनी घाम पुसत विचारलं, “नाव आहे पण येत काहीच नाही, असली शंका तुम्हाला सुचते तरी कुठून?”

त्यावर ती काय म्हणाली, हे तिनेच मला कानाशी येऊन, चांगलं ओरडून सांगितलं:

“घरी रोजचा सराव आहे, साहेब. सासऱ्यांना समोर उभी राहून विचारते, ‘बाबा, ऐकू येतं ना?’ तर म्हणतात, ‘येतं की, न यायला काय झालं!’ मग दाराआड जाऊन विचारते, ‘बाबा, चहा घेता?’ आणि चहा मी एकटीच पिते.”