पाणी किती लांब?

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके नकाशात शेजारी दिसतात, पण तिथली खरी हद्द म्हणजे पाट. पाटाच्या वर जिरायत, खाली बागायत. माझं माहेर वरच्या अंगाला, मोरगावकडे. बाजरी, शेरडं आणि बायांच्या डोक्यावर हंडा. तिकडची माणसं मुलीसाठी स्थळ बघताना एकच विचारतात, "पाणी किती लांब?" पाणी कसं आहे, हे कोणी विचारत नाही. माझ्या वडिलांनीही विचारलं नाही आणि मी लासुर्ण्याकडे उसात येऊन पडले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात माझा धाकटा भाऊ त्याच्या मुलीसाठी आमच्या शेजारचं घर बघायला आला. ऊस बघूनच हरखला. "आक्का, दारातच हीर! हात घातला की पाणी!"

तेच तर दुखणं. पाटाची पाळी आली की आमचे लोक उसात पाणी सोडून खुशाल झोपायचे. ऊस तुडुंब, जमिनीवर पांढरं मीठ फुटलेलं, निचऱ्याच्या चाऱ्या तुंबून शेवाळलेल्या, त्यावर डासांचे थवे. विहिरींचं पाणी इतकं वर आलेलं की उकिरड्याचा पाझर सरळ त्यात उतरायचा. पाहुण्यांना मात्र लांबच्या गावाहून सायकलवर आणलेलं पाणी द्यायची पद्धत. भाऊ तेच प्याला. "काय गोडी हाय!" म्हणाला. मुलाची आई खाली बघत राहिली.

मी त्याला बाहेर नेलं. तांब्या विहिरीत बुडवून हातात दिला. "पी."

घोट घेतला आणि थुंकला. "शी! शेणकुटाचा वास येतुय."

"ह्यात डाळ शिजत न्हाय. पोरं सारखी हागतात. हितं देतोस पोरगी?"

तो म्हणाला, "परवा टँकरवर बायांनी तिच्या झिंज्या उपटल्या, एका हंड्यासाठी. तुला काय? पाण्यात बसून माज आलाय तुला."

"म्हणून तिला उकिरडा पाजतोस व्हय रं?"

त्याने चूळ भरायला पाणी मागितलं. मी पाहुण्यांच्या घागरीतलं दिलं. तोंड खळखळून धुतलं, मिशा पुसल्या, आत गेला आणि सुपारी फोडून लग्न पक्कं करून आला.

लग्नाला मी गेले. पंगतीत वाढलं. जेवले नाही.