कांतामावशींच्या नवऱ्याचे पाय

मी ‘थांबा’ म्हणायच्या आत कांतामावशींनी भिंतीला टेकवलेल्या चित्राला डोकं टेकवलं. उठल्या तेव्हा त्यांच्या मोकळ्या कपाळावर तपकिरी रंग होता, आणि चित्रातल्या माणसाचे पाय पुसले गेले होते.

सॉफ्ट पेस्टल म्हणजे शाळेतल्या खडूचा श्रीमंत भाऊ. कागदावर नुसती भुकटी बसलेली असते. काच लागेपर्यंत हात लावायचा नाही. आमचे सर ती काच कापून आणायलाच गेलेले. भिंगारच्या त्यांच्या स्टुडिओत मी शिकाऊ एकटा.

मावशी पाथर्डीकडच्या. नवऱ्याचं उद्या वर्षश्राद्ध. फोटो एकच, आधारकार्डावरचा. त्यांना माणूस अख्खा उभा पाहिजे होता. पाया पडायला पाय उघडे हवेत, ही त्यांचीच अट. माझी ही पहिली फुल फिगर.

सर नेहमी सांगायचे, “चेहरा शेवटी. आधी वजन कुठल्या पायावर आहे ते धर.” नक्कल हा तर माझा जुना धंदा. शाळेत हेडसरांपेक्षा हेडसर मी बरे करायचो. म्हणून ऑर्डर घेतानाच मावशींना विचारत विचारत त्यांच्या नवऱ्यासारखा उभा राहिलो. डावा खांदा खाली, मान पुढं, भार उजव्या पायावर. मावशी आधी हसल्या. मग पदर तोंडाला लावला. पोझ पक्की झाली. पाय कसे होते, ते विचारायचं राहिलं. आरशात बघून मी माझेच काढले.

म्हणजे आईच्या वयाची बाई माझ्या पायांवर डोकं ठेवून उठली होती. एरवी यावर मी आठवडाभर विनोद केले असते.

“मावशी, पाय लगेच परत काढतो.”

“तसले नका काढू. ते त्यांचे नव्हतेच.”

“मग पाया का पडलात?”

“वर तोंड त्यांचं हाय ना.”

मग कसे होते, विचारलं. त्यांनी चप्पल काढून स्वतःचा पाय पुढं केला. टाच भेगाळलेली, अंगठ्याचं नख अर्धं.

“असे. एकाच फडात तोडायचो. एक कोयता हुतो आमी.”

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मी फरशीवर बसून काढायला लागलो. काढता काढता विचारलं, औंदा तोडीला जाणार का.

“जावं लागंल. अर्धा कोयता म्हनून.”

सर आले. चित्राकडं बघत राहिले. “आता उभा राहिला,” एवढंच म्हणाले आणि काच बसवली.

कपाळ पुसायला मी ओला रुमाल दिला. मावशींनी घेतला नाही. फ्रेम छातीशी धरून तशाच एसटीला गेल्या.

धंद्याचा धडा एवढाच: आधी काच, मग गिऱ्हाईक.