मंगळवारचं पाणी

भिकनभाऊ आमच्या घरात शिरायचे ते माणसांकडे न बघता. दारात चप्पल काढायची, खिशातून बॅटरी काढायची आणि सरळ मोरीतल्या ड्रममध्ये डोकं घालायचं. आम्ही सुरतेच्या डिंडोलीत राहायला आलो त्याच आठवड्यात हे पहिल्यांदा घडलं. मी साडीला खडे चिकटवत बसले होते. एक अनोळखी माणूस विचारल्याशिवाय आत येतो आणि आपल्या पाण्यात तोंड घालतो, म्हटल्यावर मी ओरडलेच. ते वर न बघता म्हणाले, "वरडू नको बहीन. मच्छरना पोरं मोजी ऱ्हायनू."

मी जालन्याकडची. सातवीत शाळा सुटली. सुरतेत आले तेव्हा मला गुजराती येत नव्हतं आणि भिकनभाऊंची अहिराणी तर मराठी असूनही निम्मीच कळायची. ते मूळचे साक्रीकडचे. घरोघरच्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का, हे बघायचं त्यांचं सरकारी काम. आमच्या गल्लीला दर मंगळवारी. बघून झालं की दाराच्या चौकटीशेजारी खडूनं तारीख लिहायचे. आमचे हे मिलमधून आल्यावर चिडायचे, "भिंत आहे का कॅलेंडर?" पण पुसायची हिंमत त्यांनाही नव्हती.

गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका त्यांना भ्यायचो. ड्रम, कुंडी, फ्रिजमागचा ट्रे, काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. म्हणून एक रिवाजच पडला होता. मंगळवारी आठ वाजले की गल्लीभर धो धो आवाज. ज्याच्या त्याच्या दारात पाणी ओतलेलं. नऊला भिकनभाऊ आले की आम्ही साळसूद. ते ओल्या गल्लीकडे बघायचे, मग ड्रमच्या आतून बोट फिरवायचे आणि बुळबुळीत बोट माझ्यासमोर धरायचे. "पानी फेकं. पन घसं का?"

नसायचं घासलेलं. खड्यांच्या साड्या ढीगभर पडलेल्या असायच्या, कोण घासत बसणार? मी मान खाली घालायचे. तीन वर्षं दर मंगळवारी त्यांनी तेच विचारलं आणि दर मंगळवारी मी तशीच मान खाली घातली.

दुसरी त्यांची सवय म्हणजे सरळ उत्तर न देणं. "दादा, या गल्लीत ताप जास्त का हो?" असं विचारलं की म्हणायचे, "माले काय इचारस? पानीले इचार." हे पाणी भरावं की ते, झाकण प्लास्टिकचं घ्यावं की पत्र्याचं, सगळ्याला तेच. मला वाटायचं, माणूस थट्टेखोर आहे. सगळं माहीत आहे, पण सांगत नाही.

आमची लेक सोनल बायोलॉजीची एमएस्सी करते, हे त्यांना कळलं तेव्हा पहिल्यांदा ते आमच्याकडे खाली बसले. चहा घेतला. सोनल त्यांना मामा म्हणायला लागली. ती बॅटरीच्या उजेडात वाकून अळ्यांची इंग्रजी नावं सांगायची आणि ते म्हणायचे, "आसं का? इतला वरीस व्हयनात, माले नाव ठाऊकच नव्हतं इन्हं."

मग ती फॉर्मची भानगड आली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला दोन वाटा होत्या. एक पेपरवाली. पाच पेपर द्यायचे, पास व्हायचं, डिग्री घ्यायची. दुसरी थिसिसवाली. एकच प्रश्न घ्यायचा, वर्षभर त्याच्या मागे लागायचं आणि शेवटी जाडजूड वही लिहायची. फॉर्म पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत भरायचा होता आणि एकदा भरला की बदलता येत नव्हता.

मी विचारलं, "डिग्री वेगवेगळी मिळते का?"

"नहीं ने मम्मी, एकच."

"मग?"

"तेच तर समजत नाही."

यांचं म्हणणं साधं होतं. "डिग्री एकच आहे तर लांबून कशाला जायचं? पेपर देऊन मोकळी हो. हजीऱ्याला कंपन्यांच्या लॅबा आहेत, पहिल्या वर्षीच चिकटशील." सोनलची मैत्रीण क्रुपाही पेपरच देणार होती. पण कॉलेजातल्या मॅडम सोनलला म्हणाल्या होत्या, "दहा दिवस काहीतरी स्वतः बघ आणि एका कागदावर तुझा प्रश्न लिहून आण. प्रश्न सापडला नाही तर थिसिस घेऊ नको."

पोरगी सकाळी थिसिस म्हणायची, संध्याकाळी पेपर. मला विचारायची, "मम्मी, तू सांग ना." मी काय सांगणार? मला प्रश्न सापडणं म्हणजे काय तेच कळत नव्हतं. आम्हाला तर प्रश्न न शोधताच सापडतात. आणि भीती अशी की मी एक बोलायचे आणि पोरीचं आयुष्य त्यावर जायचं. शेवटी भिकनभाऊंना विचारलं. ते अर्थातच म्हणाले, "माले काय इचारस?" पण दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, रंगाचे अर्धे कापलेले नऊ डबे घेऊन आले. मिलमधले रिकामे डबे आमच्याकडे घरोघर असतातच. त्यात थोडं थोडं पाणी भरून त्यांनी ते सोनलकडून गच्चीवर, जिन्यात, टाकीखाली ठेवून घेतले. "दहा दिन देख. मच्छर कथा अंडा घालस, लिखी ठेव."

डासांनी कुठं कुठं अंडी घातली ते लिहायला सोनल रोज सकाळी वही घेऊन फिरायची. पाण्याच्या जरा वर, डब्याच्या भिंतीला मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसतात, तीच अंडी, असं तिनं मला दाखवलं. मला बजावलंही होतं, "मम्मी, डब्यांना हात लावायचा नाही हं." मी हो म्हटलं होतं. मनापासून म्हटलं होतं.

आणि मंगळवार आला. आठ वाजले, गल्लीत धो धो आवाज सुरू झाला. माझे हात आपोआप उठले. ड्रम ओतला, कुंडी ओतली, जिन्यातले डबे ओतले, टाकीखालचे ओतले, गच्चीवरचे ओतले आणि नऊच्या नऊ डबे उपडे करून उन्हात रचून ठेवले. शेवटचा डबा ठेवताना हात थांबला. हे तर सोनलचे डबे! पण पाणी तर केव्हाच पन्हाळीतून गेलं होतं.

सोनल वर आली. डबे बघितले. जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. यांची रात्रपाळी होती, नुकतेच आले होते. ते म्हणाले, "जाऊ दे बेटा. देवानंच सांगितलं समज. पेपरचा फॉर्म भर." सातवीतून शाळा सोडलेल्या बाईनं पोरीचं शिक्षण पन्हाळीतून सोडून दिलं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

नऊला भिकनभाऊ आले. मी जिन्यातच हात जोडले. "दादा, माझ्याकडून घात झाला. सगळं पाणी ओतलं."

त्यांनी गच्चीवर येऊन डब्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पानी फेकं. पन घसं का?"

मला वाटलं, या वेळीही हा माणूस रागावतोच आहे. मी मान खाली घालून म्हटलं, "नाही हो."

भिकनभाऊ इतके हसले, इतके हसले, की शेजारची बाई बाहेर आली. "वं माय! तीन वरीस व्हयनात, हाई बाई घसत नही. आज कामले उनी तिन्ही आळस!" त्यांनी एक डबा सरळ केला, आत बॅटरी मारली आणि सोनलला हाक मारली. "रडू नको. देख. अंडी भितले चिटकेल शेतस. सुकनात तरी मरतस नही. काठलोंग पानी भर."

सोनलनं डोळे पुसत नऊही डबे काठोकाठ भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला गच्चीवर ओढत नेलं. पाच डब्यांत दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं. मला किळस यायला हवी होती. मी देवाला नमस्कार केला.

त्याच रात्री जेवताना तिनं विचारलं, "मम्मी, उन्हात किती दिवस राहिले तरी ते जिवंत राहतील? आणि डबा रंगाचा नसला तर?" मला काय माहीत! पण तिनं ते मला विचारलंच नव्हतं. ती वहीत लिहीत होती. शुक्रवारी तो कागद मॅडमना दिला आणि शनिवारी थिसिसचा फॉर्म भरला. दहा दिवस संपले म्हणून त्याच शनिवारी भिकनभाऊ राख आणि काथ्या घेऊन आले, नऊही डबे स्वतः घासले आणि मला म्हणाले, "हाई आसं घसतस, बहीन."

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. क्रुपा पेपर देऊन पास झाली, हजीऱ्याच्या लॅबमध्ये लागली आणि पेढे देऊन गेली. सोनलची वही मात्र पुरी होईना. एकदा सगळी अंडी बुरशीनं गेली, तिनं पहिल्यापासून सुरू केलं, चार महिने जास्तीचे मागून घेतले. हे काही बोलायचे नाहीत, पण पेढ्याचा डबा दोन दिवस टीव्हीवर तसाच होता. मी जागेपणी आणि झोपेतही एकच घोकायचे, मी त्या मंगळवारी डबे घासून टाकले असते तर पोरीचं भलं झालं असतं की वाईट?

त्या पावसाळ्याआधी भिकनभाऊ निवृत्त झाले. गावाला जायच्या आदल्या मंगळवारी शेवटचे आले. ड्रम बघितला, बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ. पहिल्यांदाच 'घसं का?' न विचारता त्यांनी मान हलवली. खडूनं तारीख लिहिली. चप्पल घालायला वाकले तेव्हा मी धीर केला.

"दादा, आता तरी खरं सांगा. थिसिस घेतली ते बरोबर झालं का?"

मला वाटलं, पुन्हा म्हणतील, पाण्याला विचार. ते चप्पल तशीच ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "मालेबी ठाऊक नही, बहीन."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाला सगळं ठाऊक आहे आणि तो हातचं राखून ठेवतो. त्याला खरंच ठाऊक नसायचं.

"मंग? घाबरनी का?" ते हसले. बॅटरी खिशात घातली. "ठाऊक नही, म्हनीसन त रोज देखाले जास."

आता त्यांच्या जागी एक मुलगी येते. मोबाइलमध्ये नोंद करते, भिंतीवर लिहीत नाही. सोनलची वही अजून टेबलावर उघडी असते. मला अजूनही काही ठाऊक नाही. मंगळवारी आठला गल्लीत आवाज सुरू झाला की मी पाणी ओतते, मग बाही वर करून ड्रममध्ये वाकते आणि घासते. सोनल वरून ओरडते, "मम्मी, माझे डबे सोडून!"

"बघितलेत," मी म्हणते. खरंच आधी बघून आलेली असते.