कूलरमागचा आंबा

हसणार नसाल तर सांगतो. हसाल हे मला माहीत आहे, तरी सांगतो. कारण वर्षानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ही गोष्ट निम्म्या अमरावतीला आधीच सांगून टाकली आहे आणि तिच्या तोंडून ऐकली की मी आहे त्याहून जास्त येडा वाटतो. तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या तोवर.

मी राजापेठेत अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. हे मुद्दाम आधी सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचीच लाज वाटणार आहे.

तर मी सिगरेट ओढायचो. बायकोपासून लपून. सिगरेट महाग होत चालली होती आणि मी ती कमी करत नव्हतो, नुसता कुरकुरत होतो. तेवढ्यात गिरीश आला. गिरीश माझा शाळेपासूनचा दोस्त, दुबईला असतो. त्यानं खिशातून पेनाएवढी एक दांडी काढली. ई-सिगरेट. पोरं त्याला वेप म्हणतात.

"हे घे," गिरीश म्हणाला. "एकदा मशीन आली का मंग फक्त लिक्विड भरा लागते. सिगरेटपेक्षा लय सस्तं पडते."

"मशीन केवढ्याची?"

"तुले फुकट. अन् ही बाटलीबी ठेव. आंब्याच्या वासाची हाये."

फुकट म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतो? गिरीश दुबईला परत गेला आणि मग मला कळलं की ही वस्तू आपल्याकडे विकायलाच बंदी आहे. म्हणजे दुकान नाही, बिल नाही आणि घासाघीस नाही. चोरून विकणारा जो भाव सांगेल तो भाव. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबीरसुद्धा घेत नाही हो. शिवाय क्लासच्या बोर्डवर माझा फोटो आहे, तो वेगळ्या कारणासाठी पेपरात छापून आला असता. तेव्हा मी ठरवलं, ही एकच बाटली दिवाळीपर्यंत पुरवायची.

नवशिक्यानं यात खर्च कसा आटोक्यात ठेवावा, यावर मी पुस्तक लिहू शकतो. पहिलं म्हणजे कोणाला दाखवायचं नाही. आपल्याकडे कोणी खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पुडी सोडली की समोरच्याचा हात आपोआप पुढे येतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही. चहाच्या टपरीवर हे यंत्र काढलं असतं तर बाटली एका दुपारात संपली असती. आतला कापूस बदलायला सांगतात, तो मी करपलेल्या पोळीची चव येईपर्यंत बदलला नाही. आणि सगळ्यात मोठं दुःख म्हणजे, ओढलेला धूर बाहेर सोडावा लागतो. इतका महागाचा माल हवेत सोडायचा? म्हणून मी बाथरूमचं दार-खिडकी लावून बसायचो आणि सोडलेलाच परत ओढायचा प्रयत्न करायचो. असा मी माणूस.

मे महिन्यात अकोल्याहून सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा फोन आला. मयूरीला पाहायला पाहुणे येणार होते. मयूरी माझी साळी, वर्षाची धाकटी बहीण. खरं तर पाहायचं काही उरलं नव्हतं. मुलगा निखिल तिच्याच बँकेत होता, दोघांचं आधीच जमलेलं होतं, घरच्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. अडचण एकच होती, निखिलचे वडील. गावंडे काका. त्यांच्या सख्ख्या भावाचं घर दारूपायी बसलं होतं, त्यामुळे व्यसन म्हटलं की हा माणूस ताटावरून उठायचा. मुलीकडच्या घरात कोणालाही कसलंही व्यसन असलं तर त्यांचा सरळ नकार असायचा. अशा दोन सोयरिकी त्यांनी मोडलेल्या होत्या.

"म्या सांगून ठेवलं त्याईले," मामाजी फोनवर म्हणाले, "का आमचे जवाई सुपारीसुद्धा खात नाहीत. ते म्हने, आधी मोठ्या जवायाले भेटतो, मंग पुढचं बोलू."

म्हणजे पाहण्याचा कार्यक्रम मयूरीचा आणि पाहणार होते मला.

मी आणि वर्षा अकोल्याला पोचलो तेव्हा मयूरी दारातच उभी होती. एरवी माझी टर उडवल्याशिवाय पाणी देत नाही ती. त्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "आज सांभाळजा बरं. सारं तुमच्यावर हाये." मला भरून आलं. मी म्हटलं, काळजी नको करू. आणि खरंच सांगतो, मनापासून म्हटलं होतं.

पाहुणे आले. गावंडे काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. कालव्याच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी बोलण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरातसुद्धा तोच आवाज. निखिल बिचारा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. काकांनी मला समोर बसवलं.

"तंबाखू?"

"नाही काका."

"खर्रा?"

"नाही."

"सिगरेट?"

"नाही."

खोटं नव्हतं ते. सिगरेट सुटलीच होती की. पण ते माझ्याकडे असे बघत होते की शर्टाच्या खिशातली दांडी मला जड वाटायला लागली. घाम फुटला. आणि घाम फुटला की मला काय पाहिजे असतं, ते तुम्हाला आता माहीत आहे. "एका पालकाचा फोन येऊन राहिला," असं म्हणून मी उठलो.

घराच्या बाजूला, भिंत आणि कंपाउंडच्या मधे एक बोळ आहे. बैठकीच्या खिडकीला बाहेरून मोठा कूलर बसवलेला. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, जीव नको करतं. त्या कूलरच्या ओल्या गवताजवळ मात्र गार वाटायचं. आवाजही एवढा की कोणाला चाहूल लागणार नाही. मी तोंड त्या जाळीजवळ नेलं आणि एक झुरका घेतला.

धूर सोडला, तर क्षणात गायब. जागेवर काही राहिलंच नाही. मला वाटलं, काय नामी जागा सापडली! वाऱ्यानं उडून गेला, म्हटलं. समोरच्या कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. वारा कुठला असणार? वर्गात एवढी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही की मी त्या पोराला बाकावर उभा करतो. मी आणखी दोन झुरके घेतले.

तुमच्या लक्षात आलं ना? कूलर बाहेरची हवा ओढतो आणि आत फेकतो. लहान लेकराला कळतं हे.

आतून गावंडे काकांचा आवाज आला. "वहिनी, रस केला वाटते आंब्याचा?"

सासूबाई गडबडल्या. त्यांनी पोहे केले होते आणि लिंबाचं सरबत. "नाही भाऊ, रस तं नाही केला."

"मंग वास कायचा येऊन राहिला? घरभर सुटला ना."

आता पाहुण्यांनी रसाचं नाव काढावं आणि घरात रस नसावा, यापेक्षा मोठी नामुष्की आमच्याकडे नाही. मामाजी उठले, नाकानं माग काढत काढत कूलरपाशी आले. मी तोवर दांडी खिशात घालून दारातून आत येत होतो. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"म्या म्हटलंच. जवाईबापूनं कुलरमंधी अत्तर टाकलं असन. सायन्सवाले हायेत ना ते. हो ना, प्रशांतराव?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मयूरी पडद्याआडून पाहत होती. मी म्हटलं, "हो."

गावंडे काकांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. मघाचा तो कडक माणूस खुर्चीत एकदम सैल झाला. "आमच्या गावात आमराई होती," ते म्हणाले. "आता नाही राह्यली. माय दुपारी टोपलं घेऊन बसे. अस्साच वास." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थोडं आनखीन टाका ना, बापू."

नाही कसं म्हणणार? मी पुन्हा बोळात गेलो. आता हौस नव्हती, ड्यूटी होती. झुरका घ्यायचा, जाळीत सोडायचा. परत घ्यायचा, परत सोडायचा. आत मयूरी चहा घेऊन आली होती, बोलणी रंगली होती. जरा थांबलो की खिडकीतून मामाजींची हाक यायची, "जवाईबापू, कमी पडून राह्यला." मी पुन्हा लोहाराच्या भात्यासारखा सुरू. बाथरूममध्ये दार लावून जो माल मी थेंब थेंब वाचवला होता, तो आता पाहुण्यांच्या अंगावरून पंख्याच्या वाऱ्यासोबत चालला होता. डोकं गरगरायला लागलं. एकदा तर मी कूलरच्या लोखंडी स्टँडला धरून खाली बसलो. तरी बसल्या बसल्या सोडत होतो. साळीच्या आयुष्याचा प्रश्न होता.

शेवटी आत टाळ्या वाजल्या. मी भिंत धरत धरत आत गेलो. गावंडे काका मामाजींच्या गळ्यात पडले होते. होकार झाला होता. मयूरीच्या डोळ्यात पाणी होतं आणि मला त्या गरगरत्या डोक्यातही इतका आनंद झाला की काय सांगू.

"बापू, ती बाटली पाहू द्या," गावंडे काका म्हणाले. "नाव लिहून घेतो. आमच्याही कुलरले पाह्यजे."

माझा आनंद तिथेच संपला. नाही म्हणावं तर संशय. मी पँटच्या खिशातून बाटली काढून दिली. त्यावर आंब्याचं चित्र होतं आणि चित्राखाली काळ्या चौकटीत ठळक इंग्रजी अक्षरात निकोटिनचा इशारा होता. काकांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी बाटली निखिलला दिली.

"वाच रे, काय लिहिलं हाये?"

निखिलनं वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मयूरीकडे. तिचा रंग उडालेला होता. 

"मँगो आइस लिहिलं हाये, बाबा," तो म्हणाला. "आंब्याचा वास अन् बर्फावानी थंडक."

"अन् हे काळ्या डब्यात?"

"लेकराईच्या हाताले लागू देऊ नये, असं."

त्या क्षणी मी ठरवलं की या पोराला जन्मभर मान द्यायचा.

"मंग आता कायले ठेवता?" मामाजी म्हणाले. "शुभ काम झालं. सारी टाका." आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी माझी दिवाळीपर्यंतची बाटली कूलरच्या टाकीत उपडी केली. वर थेंब राहू नये म्हणून पाण्यानं विसळूनही घेतली.

सगळे नाक वर करून बसले. वास काही येईना. थोडासा आला, पण मघासारखा नाही. मी मनात देवाचा धावा करत होतो. गावंडे काकांनी बराच विचार केला आणि निकाल दिला.

"तुमी टाकलं तवा कसा घमघमाट होता. तुमच्या हाताले गुण हाये, बापू. लग्नात हे खातं तुमच्याकडं. दुसऱ्या कोनाले हात लावू द्यायचा नाही."

संध्याकाळी आम्ही अमरावतीला परत निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं. मी गाडी चालवत होतो, डोकं अजून हलकं होतं, आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होतो, की लग्न जमलं, बाटली गेली तर गेली, निदान हिला काही कळलं नाही.

मग ती खिडकीबाहेर पाहत शांतपणे म्हणाली, "मयूरीच्या लग्नाले बाबांनी मनात धरलेला हॉल पाह्यला हाये मी. बावीस कुलर हायेत. तुमच्या एकट्याच्या छातीनं होईन, का मजूर लावा लागतीन?"