नवसाचं पिल्लू

कोंबडीच्या आजारी पिल्लाइतका बिनकामाचा जीव या जगात दुसरा नसेल. त्याला उभं राहता येत नाही, खाता येत नाही, आणि मरायचं म्हटलं तरी ते धड मरत नाही. असलं एक पिल्लू मी या हातांनी वाढवलंय, म्हणून बोलायचा मला हक्क आहे.

मुळात कोंबड्या पाळायची हौस माझी नव्हती. निवृत्त झाल्यावर माणसं रंकाळ्यावर फिरायला जातात, नाहीतर तालमीच्या कट्ट्यावर बसून जगाला शहाणपण शिकवतात. आमच्या ह्यांना त्यातलं काहीच जमेना. सगळी नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनपुढे उभं राहून काढलेली, त्यामुळे घरात ते कपाट हलवताना मध्येच सोडून दिल्यासारखे कुठेही उभे असायचे. मग हुपरीहून आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. ‘‘रिकामा कशाला बसतोस? माडीवर चार कोंबड्या पाळ की. गावरान अंडी तरी मिळतील.’’ झालं! आठवडा उलटायच्या आत मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर जाळीचं खुराडं उभं राहिलं. मला कुणी विचारलं नाही. त्यांची घाण झाडायला मात्र मी होते.

आमच्या घरात कायदा एकच. आक्का बोलल्या की विषय संपला. घराला रंग कोणता द्यायचा, मुलीचं लग्न कधी करायचं, दिवाळीला मी माहेरी जायचं की नाही, सगळं हुपरीत ठरायचं. त्यांच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. घुंगरू जोडता जोडता आक्का कानाला फोन लावून आमचा संसारही जोडून द्यायच्या. आणि ह्यांचं त्यावर ठरलेलं वाक्य, ‘‘आक्का म्हणत्यात तर असू दे.’’ लग्न झाल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ह्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं आणि माझं डोकं फिरतं.

माघात एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायचं सोडून पिसं फुगवून एका जागी बसली. ह्यांना कोण आनंद! पाटीत भुसा भरला, त्यावर अंडी मांडली. आक्का व्हिडिओ कॉलवरून सूचना देत होत्या. ‘‘मधी कोळसा ठेव. ईज कडाडली की अंडी नासत्यात.’’ बाहेर स्वेटर घालायची थंडी, आभाळात औषधाला ढग नाही. ह्यांनी आख्खी पेठ पालथी घालून इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला आणि अंड्यांच्या मधोमध असा ठेवला, जसा काही देवच बसवतायत.

पिल्लं निघाली आणि कोंबडी त्यांना घेऊन पाटीतून खाली उतरली. मागे एक अंडं राहिलं. त्याला भोक पडलं होतं, आतून चोच हलत होती. थांबायचं तर ह्यांनी फोनवर कुठला तरी व्हिडिओ लावला आणि नखानं कवच सोलायला घेतलं. जन्मभर लोखंड कापलेला हात तो! रक्त आलं. जे बाहेर पडलं ते ओल्या चिंधीसारखं होतं, आणि त्याचे दोन पाय दोन दिशांना फाकलेले. कोंबडीजवळ नेलं तर तिनं मान वाकडी करून एकदा बघितलं आणि डोक्यात टोच मारली. लोक आईच्या मायेच्या गोष्टी सांगतात, त्यांना एकदा खुराड्याशी आणून बसवायला पाहिजे.

मग ह्यांनी ते तळहातावर घेतलं आणि एकामागून एक व्हिडिओ बघत बसले. एक म्हणतो पाणी द्या, दुसरा म्हणतो अजिबात देऊ नका. इकडे पिल्लू गार पडत चाललेलं. खालची शेजारीण वर आली आणि म्हणाली, ‘‘मिरं चारा की एक.’’ मिरं त्याच्या डोक्याएवढं होतं. शेवटी मीच ह्यांच्या हातातून पिल्लू हिसकावून घेतलं. दया आली म्हणून नाही, उगाच कुणाचा गैरसमज नको. एवढा बापई गडी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी आणतोय, हे मला बघवेना. आमची पोर तापानं फणफणायची तेव्हा हेच महाशय पहिल्या पाळीची बस चुकेल म्हणून डबा घेऊन पळायचे.

मी ते पदरात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर हसला. ‘‘मावशी, असलं जगत न्हाई. दुसरं आणा की.’’ हे सांगायला याला सरकारनं इतकी वर्षं शिकवलं! मी म्हटलं, ‘‘दुसरं आणायला कळतंय मला, ह्याचं काय करू ते सांगा.’’ तर म्हणाला, ऊब द्या. तेवढं तर कोंबडीलाही कळतं.

मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात जुनं धोतर अंथरलं आणि वर बल्ब टांगला. बोटावर गुळाचं पाणी घेऊन त्याची चोच त्यात बुडवायची, थेंब गिळला की थांबायचं, पुन्हा बुडवायची. मागची बाजू घाणीनं चिकटून बंद व्हायची, ती कोमट पाण्याच्या कापसानं पुसून काढायची. फाकलेले पाय जवळ यावेत म्हणून लोकरीचा धागा घेऊन दोन्ही पाय मध्ये थोडं अंतर ठेवून बांधले. ते उठायचं आणि तोंडावर आपटायचं. पुन्हा उठायचं, पुन्हा आपटायचं. इतका मूर्ख जीव मी पाहिला नव्हता. आणि त्याला खायला काय, तर उकडलेल्या अंड्याचा बलक! अंड्यातून आलेल्याला अंडंच भरवायचं. मला उलटी यायची बाकी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी आक्का हुपरीच्या एसटीनं आल्या. चप्पल काढायच्या आधी खोक्यात डोकावल्या. मग सरळ देवघरात गेल्या, हळदीकुंकू आणलं आणि त्या धडपडणाऱ्या गोळ्याला चिमूटभर लावलं. हात जोडून म्हणाल्या, ‘‘आई टेंबलाई, हे जगू दे. आषाढात तुला कोंबडं देतो.’’ ह्यांनीही हात जोडले.

मी विचारलं, ‘‘आक्का, कोंबडं कुठलं?’’

‘‘कुठलं म्हंजे? ह्योच की.’’

‘‘आणि कोंबडी निघाली तर?’’

‘‘कोंबडाच हाय. चेहऱ्यावरनं कळतंय मला.’’

‘‘अहो, पण ते जगावं म्हणून नवस बोलताय ना?’’

‘‘व्हय. देवीनं जगीवलं तर ते देवीचंच झालं की. त्यात काय इचारायचं?’’

म्हणजे पिल्लू कशासाठी जगायचं, तर पुढं कापता यावं म्हणून! मी ह्यांच्याकडे बघितलं. निदान हसतील असं वाटलं होतं. शेजारीणही दारात उभी होती, तिनं तर ‘‘बरं केलंसा’’ म्हणून मान डोलावली. एवढ्या माणसांत यातली गंमत एकाच्याही डोक्यात शिरली नाही. ह्यांनी खोक्यावर फडकं सारलं आणि म्हणाले, ‘‘आक्का म्हणत्यात तर असू दे.’’

त्या क्षणी मी ठरवलं, हे पिल्लू मरू द्यायचं नाही आणि द्यायचंही नाही. कसं, ते माहीत नव्हतं. देवीशी माझं भांडण नाही, तिच्याकडे मी दरसाल आषाढाच्या जत्रेला पाणी घेऊन जाते. पण दुसऱ्याच्या घरातला जीव, दुसऱ्याच्या हातची सेवा, आणि नवस बोलून पुण्य घेऊन जाणार ही बाई! त्या ईर्षेवर मी ते पिल्लू जगवलं. माया बिया काही नव्हती.

ते चाललं. धागा सोडला तेव्हा दोन पावलं सरळ टाकली आणि तिसऱ्याला माझ्या पायाच्या अंगठ्याला टोच मारली. कृतज्ञता म्हणतात ती हीच असावी. ह्यांनी लगेच हुपरीला फोन लावला. ‘‘आक्का, देवी पावली!’’ पलीकडून आक्का काय म्हणाल्या ते गच्चीभर ऐकू आलं. माझ्या बोटांना अजून बलकाचा वास येत होता आणि माझं नाव त्या फोनमध्ये एकदाही निघालं नाही.

उन्हाळ्यापर्यंत त्याला तुरा फुटला. चेहऱ्यावरून कळतं म्हणणाऱ्या आक्कांचा अंदाज खरा ठरला, याचंही मला वाईट वाटलं. तांबडा, काळ्या शेपटीचा, आणि स्वभावानं अत्यंत नालायक. भर दुपारी आरवायचा. कपडे वाळत घालायला गेलं की पायावर धावून यायचा. शेजारणीच्या नातवंडांनी गच्चीवर यायचं बंद केलं. पण माझ्या ताटलीचा आवाज झाला की जिन्याच्या दारात हजर व्हायचा आणि माझ्या मागं मागं सगळी गच्ची फिरायचा. मला लळा लागला होता, खोटं कशाला बोलू? कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

संध्याकाळी हे त्याला जोंधळे टाकत बसायचे आणि त्याच्याशी बोलायचे. एकदा मी जिन्यात थांबून ऐकलं. कारखान्यातल्या कुठल्याशा मशीनची गोष्ट चालली होती, कुणाचं बोट गेलं, साहेब कसा घाबरला. ती गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. मी तशीच खाली आले.

आषाढ लागला. गल्लीची जत्रा ठरली. सकाळपासून पी-ढबाक वाजंत्रीचा आवाज येत होता, बायका डोक्यावर कळशा घेऊन टेंबलाईला पाणी घालायला निघायच्या तयारीत होत्या. आक्का नवं लुगडं नेसून, वेणी माळून आल्या. पाणी पिऊन झालं आणि म्हणाल्या, ‘‘आण रं खाली कोंबडं.’’

हे वर गेले. मी ओट्याशी उभी होते. मला वाटलं होतं, ऐन वेळी मी काहीतरी बोलेन, दार अडवेन, भांडण काढेन. गेले चार-पाच महिने मनात मी आक्कांशी किती भांडले होते, सगळी भाषणं तयार होती. आणि आता तोंडातून शब्द निघेना. माझीच मला चीड आली.

हे बराच वेळ खाली येईनात. आक्का गुडघ्यावर हात ठेवत जिना चढल्या आणि मी त्यांच्या मागून गेले. हे गच्चीच्या कोपऱ्यात उभे होते. कोंबडा काखेत धरला होता. आमच्याकडे न बघता म्हणाले, ‘‘आक्का, ह्यो न्हाय द्यायचा.’’

आक्कांना ऐकू आलं नाही असंच मला वाटलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘हिनं शिकीवलं व्हय तुला?’’

‘‘तिनं न्हाय. मीच म्हणतोय. बाजारातनं दुसरा आणतो. ह्यो न्हाय.’’

‘‘मी बोललोय देवीला! कोप हुईल तिचा.’’

‘‘झाला तर माझ्यावर हुईल.’’

मी वाट बघत उभी होते. आता आक्का रडतील, शिव्याशाप देतील, परत या घराची पायरी चढणार नाही म्हणतील. लग्न झाल्यापासून ज्या वादळाच्या भीतीनं आमचं घर वाकून राहिलं होतं, ते आता येणार. आक्कांनी तोंड वाकडं केलं, पदर सावरला. ‘‘मग दुसरा तरी जरा भारी बघून आण. मागल्या वर्षागत पिचका नगो,’’ असं म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. झालं! एवढंच होतं ते.

मला आनंद व्हायला हवा होता. कोंबडा वाचला होता. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझी आई गडहिंग्लजला अंथरुणावर होती, तेव्हा भावाचा फोन आला होता, आजच्या आज निघ. त्या दिवशी हुपरीला आक्कांच्या नातवाचं बारसं होतं. ‘‘घरची सून बारसं टाकून जाती व्हय? उद्या जा की,’’ आक्का म्हणाल्या. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हे म्हणाले, ‘‘आक्का म्हणत्यात तर असू दे.’’ बारशाला मी पुऱ्या लाटल्या. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा आईला अंगणात ठेवलं होतं आणि सगळे माझ्यासाठी थांबले होते.

गच्चीवर आम्ही दोघंच उरलो होतो. मी म्हटलं, ‘‘एवढंच म्हणायचं होतं?’’

‘‘काय?’’

‘‘न्हाय म्हणून. एवढंच. माझ्या आईच्या वेळी एवढंच म्हणायचं होतं तुम्हाला.’’

ते कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कितीतरी वेळ ते कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग खाली बघत म्हणाले, ‘‘तवा सुचलं न्हाय.’’

मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं आणि रडूही आलं. खालून आक्कांची हाक आली. ‘‘अगं ए, मसाला वाटायला घे की! कवा व्हायचा रस्सा?’’

मी कठड्याशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, ‘‘न्हाय!’’

हे कोंबडा काखेत घेऊन तिथंच उभे होते. मी पालथ्या बादलीवर बसले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.