अडीच फेरे

आमची खोली लालबागेत पिठाच्या गिरणीच्या मागं होती. मागं म्हणजे अगदी चिकटून. भिंत एकच, पलीकडे वाफेचं इंजिन आणि अलीकडे आमची चूल. थंडीत त्या भिंतीला पाठ लावली की शेकोटी नको. सासरे तिथले मिस्त्री. इंजिन नीट चाललंय की नाही हे मला भाकऱ्या थापता थापता कळायचं, इतकं ते कानात बसलेलं.

गाठीच्या तापात, प्लेगात, आमचे हे गेले. मी सोळा-सतरा वर्षांची असेन. रडले का, ते आठवत नाही, खरंच सांगते. तेरावं झालं आणि मी त्या भिंतीला टेकून बसले ती बसलेच. सासूबाई ताट पुढं ठेवत, मी जेवत असे. एक दिवस भिंतीतून ठक ऐकू आलं. मग दर फेऱ्याला ठक. मला वाटलं, माझ्याच डोक्यात काहीतरी वाजतंय.

पण शेटनंही ते ऐकलं होतं. त्यानं सासऱ्यांना गिरणीच्या दारातच गाठलं, ते मला इकडे ऐकू आलं.

"मिस्त्री, शेवटचं झाकण तुझ्या पोरानंच बसवलं ना? सैल सोडून गेला बघ."

"माझा पोर सैल काम करायचा नाही, शेट."

"मग आत हे काय भजन चाललंय?"

"उघडून दाखवतो. त्याची चूक निघाली तर मी या दारात पुन्हा पाऊल टाकायचा नाही."

सासऱ्यांकडे तेवढंच उरलं होतं बाई, पोराचं नाव.

आता झाकणाचं सांगते. इंजिनाला एक जाड नळा असतो, त्यात वाफेच्या जोरावर दट्ट्या मागंपुढं पळतो. नळ्याच्या तोंडावर लोखंडी झाकण. दुसरीकडे ते अख्खं निघतं म्हणे. इथं इंजिन भिंतीला इतकं खेटून बसवलेलं, की सगळे नट काढले तरी झाकण चार बोटंच सरकायचं. त्या फटीतून हात घालून आतलं चाचपायचं. ह्यांचा हात बारीक, म्हणून ते काम कायम ह्यांचं. सासऱ्यांचा पंजा फटीतच अडकायचा. आणि बाकीचे गडी तापाच्या भीतीनं कोकणात पळालेले.

इंजिन निवल्यावर सासरे खोलीच्या दारात आले. माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला म्हणावं, जरा चल."

सासूबाई उसळल्या. "वेड लागलं का हो? मोकळ्या कपाळानं पोरीला चारचौघांत काढता?"

"चौघं राहिलेत कुठं लालबागेत?"

मी उठले. समुद्रात चल म्हणाले असते तरी उठले असते.

फटीत हात घातला तो सरळ आत गेला. बांगड्या असत्या तर अडला असता. हे तेव्हाच मनात आलं, आलं आणि गेलं. आत लोखंड अजून कोमट होतं. दट्ट्याच्या मधोमध मोठा नट लागला, झाकण लावायच्या आधी ह्यांनीच कसलेला. बोटं लावली तर फिरला. पाना नाही, काही नाही, नुसत्या बोटांनी.

झाकण बसवून आले त्या संध्याकाळी हे म्हणाले होते, "आज पाना जड लागला गं." मी म्हटलं, "मग पुढच्या खेपेला मी येते कसायला." हसले. मग भर उकाड्यात गोधडी मागितली आणि म्हणाले, "अंग तापलंय, पण कुणाला बोलू नको, सरकारी माणसं उचलून नेतील." म्हणजे नट कसताना ताप अंगात होता.

सासऱ्यांशी मी तोवर तोंड उघडून बोललेच नव्हते. म्हटलं, "मामंजी, नट फिरतोय."

दाराशी शेट उभा. "काय निघालं रे मिस्त्री?"

सासऱ्यांनी आखूड पाना माझ्या दुसऱ्या हातात दिला. "कस," एवढंच, तेही ओठांत. मग भंगाराच्या डब्यातून दट्ट्याची एक जुनी तुटकी कडी उचलली, तेलाच्या भांड्यात बुचकळली आणि शेटपुढं धरली.

"ही मोडली होती. झिजून. कुणाचा दोष नाही."

शेटनं कडी उलटसुलट करून पाहिली. "हं. हल्ली सगळंच मोडतंय," म्हणाला आणि निघून गेला. मी कसत राहिले. आता बास वाटायचं, तरी नट आणखी जरा फिरायचा.

दुपारी इंजिन सुरू झालं. ठक गेलं होतं. भिंत तापली, मी टेकून बसले.

संध्याकाळी सासरे माझ्याकडे पाठ करून जेवत होते. तसेच म्हणाले, "किती फेरे बसला?"

"काय बसला?" सासूबाईंनी विचारलं.

"अडीच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला होता, तो धरून तसेच बसले. विरघळून बोटांतून सुटला तरी.