घरी बसून बीए

मी बीए आहे. लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे तसं छापलं होतं, म्हणजे खरंच असणार. कॉलेज मात्र मी परीक्षेपुरतंच पाहिलं.

दहावीनंतर मला सायन्स हवं होतं. नर्स व्हायचं डोक्यात होतं. पण सायन्स म्हणजे केनवडहून रोज रिसोडला जाणं आणि प्रॅक्टिकलला हजर राहणं. त्यापेक्षा सोपी वाट गावातल्या सगळ्या बापांना ठाऊक होती. पोरीचं नाव आर्ट्सला घालायचं, तिला घरी ठेवायचं आणि परीक्षेला गाडीवर बसवून न्यायचं. बाबा म्हणाले, "कॉलेजले गेली काय अन् नाही गेली काय, डिग्री तं सारखीच भेटते." आई सोयाबीन सोंगायला जायची, घरच्या भाकरी माझ्याकडे आल्या. भावाला मात्र अकोल्यात खोली करून दिली. त्याला म्हणे घरी बसून शिकता येत नव्हतं. मी गाइड पाठ करून पास होत गेले.

पाहायला आलेल्या मंडळींना बाबांनी सांगितलं, "पोरगी बीए हाये, पण नोकरीचा नाद नाही." सासरे खूश झाले. त्यांना अशीच पाहिजे होती, शिकलेली आणि बिनकामाची. लग्न होऊन रिठदला आल्यापासून सासूबाई पाहुण्यांपुढे मिरवतात, आमची सून बीए. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

यंदा माझी मुलगी दहावी झाली. तिला वाशिमला सायन्स घ्यायचं होतं. मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, तरी नवरा नको म्हणाला. "तुही माय घरी बसूनच बीए झाली ना? तिचं काय अडलं? तुले कायले रोज हिंडायचं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. सासूबाई, दीर, जाऊ सगळे समोर बसलेले. या घरात माझी जी काही किंमत होती ती त्या दोन अक्षरांमुळे होती, आणि तीच आता पोरीच्या आड येत होती. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मले काही येत नाही. इंग्रजी घेतलं होतं, पण आज एक पान वाचता येत नाही. मले कोणी शिकवलंच नाही. हिले तरी वर्गात बसू द्या."

सासूबाईंनी मान खाली घातली. नवरा हसला.

"घ्या! बीए होऊन इले काही येत नाही म्हणते. मंग पोरीले रोज पाठवून कोणता उजेड पडणार हाये?"

दीरही हसले. विषय तिथेच संपला.

मुलीचं नाव आर्ट्सला घातलं. कॉलेजवाल्यांनीच सांगितलं, रोज यायची गरज नाही. ती बापाशी पूर्वीसारखीच बोलते. राग आहे तो माझ्यावर. काल पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू तवाच नापास झाली असती तं बरं झालं असतं."